पेटी वाजवा, आरतीचं ताट नको असेल तर नको

वाचकाचं पत्र: ‘मी एका बँकेत नोकरी करते, नाशिकला गंगापूर रोडला राहते. देव मानत नाही. लग्नही नोंदणी पद्धतीनं केलं. तरी दिवाळीतली पाडवा पहाट मी चुकवत नाही आणि काकड्याचे अभंग कानावर आले की पाय थबकतात. शाळेत असताना पेटी शिकले होते, हात अजून चालतो. सासूबाईंच्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या काकू मुलाकडे पुण्याला गेल्या, म्हणून यंदा कोजागिरीपासूनच्या काकड्याला मी पेटीवर बसावं असं सासूबाईंचं म्हणणं. इकडे ऑफिसातली मैत्रीण शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतली. त्यांच्या कॅरोल, म्हणजे नाताळगीतांच्या, ग्रुपला आवाज कमी पडताहेत, तिनंही बोलावलंय. मला दोन्हीकडे जावंसं वाटतं. चळवळीतला जुना मित्र म्हणतो, हा दुटप्पीपणा झाला. सासूबाईंना वाटतं, सून वळणावर येतेय. नऊ वर्षांची मुलगी विचारते, आई, तू देव मानत नाहीस ना, मग? मी जावं का, आणि जायचं तर नीट कसं जावं?’

उत्तर:

जा. दोन्हीकडे जा. तारखाही फारशा एकमेकींच्या आड येत नाहीत. काकडा कोजागिरीला सुरू होऊन कार्तिकी पौर्णिमेला संपतो. चर्चमध्ये नाताळची चाहूल लागते ती आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, आणि तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान पडतो. बहुतेक वर्षी मधे घशाला थोडी उसंतही मिळते.

आधी मित्राचं बघू. दुटप्पीपणा म्हणजे घरात एक आणि चारचौघांत दुसरं. तुमचं न मानणं घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मंडळातल्या बायकांनाही ते बहुधा आधीच कळलेलं असणार. लपवाछपवी नाही, तेव्हा तो आरोप टिकत नाही. उरतो तो खरा प्रश्न: जे आपण मानत नाही ते शब्द तोंडातून काढायचे का?

यावर अभंगानंच सोय करून ठेवली आहे. शेवटच्या कडव्यात ‘तुका म्हणे’ येतं, ‘नामा म्हणे’ येतं. गाणारी बाई स्वतःचं मत सांगत नसते, तुकोबांचं सांगते, आणि त्यांचं नाव घेऊन सांगते. काकड्यात तर याहून गंमत आहे. भूपाळ्या झाल्या की वासुदेव येतो, मग आंधळा, पांगुळ, मुका, बहिरा. धडधाकट बायका पहाटे पाचला पांगळ्याचं गाणं गातात आणि त्यांना कुणी खोटारड्या म्हणत नाही. ती रूपकं आहेत, ते सोंग आहे, आणि सोंग वठवणं हा या गाण्याचाच भाग आहे. तुकोबांच्या गाथेत ‘माझे लेखी देव मेला । असो त्याला असेल’ असंही सापडतं. तो रुसलेल्या भक्ताचा त्रागा आहे, नास्तिकाचा जाहीरनामा नव्हे. तेवढ्यावरून तुकोबांना आपल्या गोटात ओढू नका. पण ज्या परंपरेनं हेही पद जपून ठेवलं, ती तुमच्या पेटीनं विटाळायची नाही.

मित्राशी वाद घालताना ‘मला फक्त सूर आवडतात, शब्दांशी देणंघेणं नाही’ असं म्हणायचा मोह होईल. ते म्हणू नका, कारण ते खरं नसतं. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ ही अक्षरं मोजून पाहा: सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा एकदम आखूड पडतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो काही आखूड होत नाही. मग ‘ठेवोनिया’ ओढून ठेक्यात बसवावं लागतं, आणि ऐकणाऱ्याचा गळा नेमका तिथे दाटतो. कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहिलेला देव आणि तो लांबवलेला, कुठेही न जाणारा स्वर, दोन्ही मिळून ते घडतं. शब्द काढून टाकले तर हातात निम्मंच उरेल.

डोळ्यांत पाणी येतं म्हणून मनात कुठेतरी श्रद्धा दडली असली पाहिजे, असा अर्थही काढू नका. पाणी आणायची कारागिरी त्या गाण्यात असते. धृपद परत परत येतं आणि दर खेपेला लय थोडी चढलेली असते. पंधरा-वीस गळे एकाच सुरात असतात. गजर टिपेला पोचला की टाळ एकदम थांबतात आणि नुसता आवाज उरतो, मग पुन्हा सगळं अंगावर येतं. एकत्र गाताना श्वासही एकत्र पडतो. २०१३ साली स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी समूहगायकांची नाडी मोजली तेव्हा गाण्याच्या रचनेप्रमाणे त्यांच्या हृदयाचे ठोके एकदम वेग घेताना आणि एकदम मंदावताना दिसले. देव मानणारीच्या आणि न मानणारीच्या छातीत यात काही फरक पडायचं कारण नाही.

गाणं करणाऱ्याच्या श्रद्धेवर गाण्याची किंमत ठरवायला गेलात तर फजिती ठरलेली. ‘इंद्रायणी काठी देवाची आळंदी’ अनेक जण संतांचा अभंग समजून गातात. ते ग. दि. माडगूळकरांनी १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या सिनेमासाठी लिहिलं आणि चाल पु. ल. देशपांड्यांची. सिनेमाचं गाणं आहे हे कळल्यावर आळंदीकरांनी ते टाकून दिलं असं काही झालं नाही. तिकडे इंग्लंडात १९०६ च्या ‘इंग्लिश हिम्नल’ या चर्चच्या गीतसंग्रहाचं संगीत राल्फ व्हॉन विल्यम्सनं सांभाळलं. तो तरुणपणी नास्तिक होता आणि पुढे अज्ञेयवादी झाला, असं त्याच्या पत्नीनंच लिहून ठेवलंय. सरे परगण्यात फॉरेस्ट ग्रीन गावी एका लोकगीताची चाल त्याला मिळाली, ती त्यानं बेथलेहेमवरच्या एका नाताळगीताला लावली. आज इंग्लंडातली चर्चं ती चाल आपलीच समजतात. आणि मित्र चळवळीतला आहे, तर त्याला फुल्यांचे ‘अखंड’ आठवून द्या. अभंगाचाच साचा, शेवटी ‘जोती म्हणे’, आणि आत प्रस्थापित धर्माची उलटतपासणी. साचा कुणाच्या मालकीचा नसतो हे जोतीरावांना आपल्यापेक्षा बरं कळत होतं.

मात्र एक रेघ मारून घ्या, आणि ती गाण्याच्या आत नको, गाण्याच्या कडेला मारा. गाणं म्हणजे गाणं. ग्वाही देणं निराळं. पूजेचा संकल्प, त्यात गोत्र सांगणं, नवस, ही ग्वाही झाली. तिथे ‘मी नाही’ म्हणावं. भजनाला संकल्प लागत नाही, म्हणून तिथे अडचण नाही. कार्यक्रमाचं निवेदन कुणी गळ्यात घातलं तर तेही नाकारा. निवेदनात ‘माउलींच्या कृपेनं’ वगैरे बोलावं लागतं, तिथे ‘तुका म्हणे’ची सोय नाही, ते वाक्य तुमच्याच नावावर जमा होतं. प्रसादाचं अवघड करून घेऊ नका. शिरा खाणं म्हणजे काही मान्य करणं नव्हे. पहाटे चारला उठून कुणीतरी तो ढवळलेला असतो. आरतीच्या वेळी पेटीवाली तशीही मोकळी नसते, दोन्ही हात गुंतलेले. पेटीवर बसणाऱ्या नास्तिकाची ही मोठीच सोय आहे.

आता पेटी. पहिली गोष्ट पट्टीची, म्हणजे पेटीवरचा कुठला काळा-पांढरा सूर ‘सा’ धरून गायचं त्याची. तुम्ही शिकताना काळी चार किंवा काळी पाचमध्ये गात असाल. मंडळात साठीच्या बायका असतील तर पहाटेच्या जड आवाजाला ती पट्टी वर जाते; गजरात तार सप्तकातला गंधार लागला की गळे ताणले जातात आणि निम्म्या जणी गप्प बसतात. दोष त्यांच्या आवाजाचा नसतो, पट्टीचा असतो. आदल्या आठवड्यात एकदा बसून सगळ्यात वयस्कर बाईंना गजर म्हणायला लावा. काळी चारला ओढाताण झाली तर पांढरी पाच, तीही जड वाटली तर काळी तीन. एकदा ठरली की महिनाभर तीच ठेवा, कारण पट्टी बदलली की मृदंगवाल्याला उजवी बाजू पुन्हा मिळवावी लागते आणि काकड्याच्या वेळी हातोडी घेऊन बसायला कुणाला वेळ नसतो. डाव्या बाजूला, धुमेवर, तो भिजवलेल्या कणकेचा गोळा थापतो. ऑक्टोबरात ती कणीक मऊ राहते. कार्तिकातल्या कोरड्या थंडीत अर्ध्या तासात वाळते आणि धुम पोकळ, टणक वाजायला लागते. तसं झालं तर पेटी मोठी वाजवून ते झाकायला जाऊ नका. दोन अभंगांच्या मधे त्याला पाण्याचा हात लावू द्या.

पेटी कोजागिरीच्या आठवडाभर आधी माळ्यावरून काढा. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, एखादी पट्टी दाबली की वर येत नाही किंवा एखादा सूर आपला आपण वाजत राहतो. उन्हात ठेवू नका, तडकते. खोलीत उघडी ठेवून रोज दहा मिनिटं भाता मारला की बहुतेक पट्ट्या सुटतात. त्यावरही अडलेली राहिली तर दुरुस्तीवाल्याकडे न्या, स्वतः स्क्रू फिरवू नका.

रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर भोंगा लावायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे, त्यामुळे काकड्याला पेटी विनामाईकच वाजायची. पंधरा-वीस जणींना ती पुरते, पण तुम्ही चाल सांगणाऱ्या बाईंच्या शेजारी आणि मृदंगाच्या समोर बसलात तरच. भिंतीकडे तोंड करून बसलेली पेटी कुणालाच ऐकू जात नाही.

शिकलेल्या पेटीवाल्यांची नेहमीची खोड म्हणजे जागा दिसली की भरणं. भजनात चाल चालू असताना हरकती, छोट्या ताना घ्यायच्या नसतात. चाल जशीच्या तशी द्यायची, आणि भरायचंच असेल तर दोन कडव्यांच्या मधल्या आवर्तनात. दुसरी अडचण लय पळण्याची. टाळकरी रंगात आले की ठोका मात्रेच्या केसभर आधी पडतो, तो पुढच्यानं उचलला की तिसऱ्या कडव्याला सगळे धावत असतात. तिथे जोरात वाजवून आवर घालता येत नाही. स्वरांची ये-जा बंद करा, धृपदाचा षड्ज लांब धरून ठेवा आणि मृदंगाकडे बघा. दोन आवर्तनांत गाडी ताळ्यावर येते. गजरात लय चढते ती ठरवून. तो वेग वेगळा आणि हे पळणं वेगळं, हे कानाला लवकरच कळू लागेल.

शरणपूरला मामला निराळा आहे. तिथे चार आवाज वेगवेगळ्या ओळी गातात: बायकांत सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांत टेनर आणि बास. मूळ चाल बहुधा सोप्रानोकडे. तुमचा आवाज काळी चार-पाचचा असेल तर बहुतेक तुम्हाला आल्टोत बसवतील, आणि हिंदुस्थानी संगीत शिकलेल्यांची पंचाईत तिथेच होते. आल्टोची ओळ चालीच्या खालून चालते, कधी दोन-तीन मात्रा एकाच स्वरावर उभी राहते. कान चालीकडे ओढतो आणि चौथ्या ओळीला तुम्ही नकळत सोप्रानो गात असता. उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा. आपली ओळ वेगळी काढून सरगमात लिहून घ्या, ती पेटीवर वाजवून चाल न ऐकता पाठ करा, आणि तालमीत सगळ्यात पक्क्या आल्टोच्या डाव्या-उजव्या कुशीला उभ्या राहा. दुसरी चूक मींडेची. आपण ‘प’वरून ‘ग’वर घसरत येतो, कारण तसंच शिकवलेलं असतं. चार आवाजांत एकजण घसरली की बाकीच्या तिघांशी मधले सगळे स्वर भांडतात. स्वर सोडायचा आणि पुढचा थेट धरायचा. मुरकी तर नकोच. श्वासही ठरलेल्या जागी. कागदावर पेन्सिलीनं खूण करून घ्या, क्वायर मास्टर, म्हणजे गाणं बसवणारे, बहुतेक स्वतःच सांगतात.

‘सायलेंट नाइट’ गाणारच असाल तर त्याच्यापासून सुरुवात करा, ते तुमच्या हाताला बरोबर बसेल. योजेफ मोहरचे शब्द, फ्रान्झ झेव्हर ग्रुबरची चाल, पहिल्यांदा गायलं गेलं २४ डिसेंबर १८१८ ला, ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये, आणि साथीला गिटार होती. म्हणजे ऑर्गन नसला, घरोघरी फिरताना पेटीच असली तरी गाण्याचा अपमान होत नाही. रूढ पट्टी बी फ्लॅट, आपली काळी पाच. सगळे स्वर शुद्ध, बिलावल समजा. सहा मात्रांची बारा आवर्तनं. दादऱ्याची तीन-तीनची विभागणी तशीच, फक्त लय निवांत. चाल मध्य षड्जापासून तार मध्यमापर्यंत जाते, ती वरची उडी नवव्या आवर्तनात आहे आणि लहान मुलं तिथे ओरडतात. त्यांना तिथे हळू गायला सांगा.

पेटीवर एक हात भात्यावर असतो म्हणून उजव्या हातानं तीन स्वरांचे गुच्छ धरायचे, आणि या गाण्याला तीनच पुरतात: सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे. पहिली दोन आवर्तनं सा-ग-प. तिसऱ्याला प-नि-रे, चौथ्याला पुन्हा सा-ग-प. पाचव्याला म-ध-सा, सहाव्याला सा-ग-प, सातव्या-आठव्याला हीच जोडी परत. नवव्याला प-नि-रे, दहाव्याला सा-ग-प, अकरावं अर्धं सा-ग-प आणि अर्धं प-नि-रे, बारावं सा-ग-प. भाता मात्रेमात्रेला मारू नका, आवाज उचक्या दिल्यासारखा येतो. एका आवर्तनाला एकच लांब दाब.

पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या मराठी भाषांतरांत एक खोट हमखास असते. चाल जिथे लांब स्वर मागते तिथे मराठीचं ऱ्हस्व अक्षर येतं, मग ‘कि’चा ‘की’ होतो आणि शब्द कळेनासा होतो. त्यापेक्षा रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं मागून घ्या. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात ती आहेत. टिळकांचं विद्यार्थिदशेतलं शिक्षण नाशिकचं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई इथल्याच जलालपूरच्या. ख्रिस्ती भजन ओवी-अभंगाच्या वळणानं, पेटी-तबल्यावर, टाळ घेऊन गाता यावं याचा ध्यास टिळकांनी घेतला. तिथे तुम्हाला गुच्छ नकोत, आल्टो नको. जे हात काकड्यात चालले तेच चालतील. मैत्रिणीच्या ग्रुपला पेटीवालीही हवी असेल तर ती बहुधा याचसाठी.

चर्चमध्ये वागायचं कसं, हे अगोदर विचारून घेणं उत्तम. क्वायर मास्टरला पहिल्याच तालमीत एका वाक्यात सांगा: मी ख्रिस्ती नाही, कुठलाच देव मानत नाही, गायला यायला आवडेल, चालेल का? बहुतेक ठिकाणी चालतं. कुठे भक्तीच्या वेळी क्वायरमध्ये फक्त मंडळीतलेच सभासद लागतात, मग घरोघरच्या कॅरोलला तुम्ही जा आणि चर्चमध्ये बाकावर बसून ऐका. मंडळी उभी राहिली की उभं राहा, बसली की बसा. ‘आम्ही अमुक मानतो’ असं सगळे मिळून म्हणतात त्या वेळी नुसतं उभं राहायचं, ओठ हलवायचे नाहीत. तिथे ओठ हलवले तर मित्राचा आरोप खरा ठरेल. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटतात तेव्हा, रांगेत जाऊ नका, जागेवर बसून राहा. कॅथलिक चर्चमध्ये, म्हणजे त्र्यंबक रोडच्या होली क्रॉसला किंवा नाशिकरोडला बाळ येशूच्या मंदिरात मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, गेलात तर हे विशेष पाळा. ‘सगळे गेले म्हणून मीही गेले’ हे तिथे प्रसादाच्या शिऱ्याइतकं साधं नसतं. मोबाइलवर चित्रीकरण टाळा.

नुसतं ऐकण्याबद्दल थोडं. दिवाळी पहाट ही काही फार जुनी चाल नव्हे, शरणपूरची ख्रिस्ती वस्ती तिच्याहून कितीतरी जुनी, दीडशेहून अधिक वर्षांची. पण या पहाटेनं रसिकांवर एक उपकार केला. मैफली संध्याकाळी-रात्री होतात, म्हणून ललत, भटियार, अहिर भैरव हे राग समोर बसून ऐकायची संधी क्वचित मिळते. पाडव्याला नेहरू चौकात पिंपळपारावर ते वेळेवर कानी पडतात. पहिल्या रांगेचा सोस धरू नका, तिथे एकाच बाजूचा कर्णा कानात बसतो. साउंडवाल्याच्या टेबलाच्या जरा पुढे, मधोमध बसा. तो आवाज स्वतःच्या कानानं जुळवत असतो, म्हणून तिथे सगळ्यात नेटका ऐकू येतो. तानपुरे गारठ्यात सुरावरून हलतात, तेव्हा पहिली दहा मिनिटं जुळवाजुळवीत गेली तर कुरकुर करू नका. पाटी मात्र नीट वाचून जा. हल्ली काही ‘पहाट’ नावापुरत्या असतात, दुसऱ्याच गाण्याला सिनेमा सुरू होतो आणि निवेदक कलाकारांहून जास्त बोलतो.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, त्याच्या आदल्या दोन दिवसांत त्र्यंबक रोडनं दिंड्या जातात. तिथे तिकीट नाही, पाट नाही, श्रद्धेची विचारणाही नाही. एका दिंडीबरोबर अर्धा-एक किलोमीटर चालून बघा. टाळकऱ्यांच्या रांगा समोरासमोर वाटल्यासारख्या असतात, एका बाजूनं चरण टाकला की दुसरी बाजू तो उचलते, मृदंग मधे आणि वीणेकरी मागे. चालत गायल्यामुळे लय पावलांची असते. सभागृहातल्या अभंगाला ती कधीच सापडत नाही.

नाताळात घरी ऐकायचं तर २४ डिसेंबरला रात्री साडेआठला बीबीसी रेडिओ लावा. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजची बायबलमधली नऊ वाचनं आणि कॅरोल्स ही उपासना १९१८ पासून होते आणि १९२८ मध्ये रेडिओवर आली. तिथे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. सुरुवात एका मुलाच्या एकट्या आवाजानं होते. कोण गाणार हे ऐन क्षणापर्यंत त्या मुलांना माहीत नसतं, अशी तिथली पद्धत सांगतात. हँडेलचं ‘मसाया’ हे येशूवरचं मोठं समूहगान ऐकायचं तर सबंध अडीच तास एका बैठकीत नको. ते १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये पहिल्यांदा झालं, म्हणजे मूळचं नाताळचं नव्हेच. जन्माची कथा पहिल्या भागात आहे, तेवढाच ऐका. प्रसिद्ध ‘हालेलुया’ दुसऱ्या भागाच्या शेवटी येतं. ते ऐकताना उभं राहायची प्रथा आहे. राजा उठला म्हणून सगळे उठले, ही गोष्ट सांगतात, पण तिला पुरावा नाही. घरी सोफ्यावर बसून ऐकलंत तरी काही बिघडत नाही.

सासूबाईंशी बोलणं मंडळात नको, घरी, काकडा सुरू व्हायच्या आधी आणि एकदाच. ‘आई, पेटी मनापासून वाजवीन, एकही पहाट चुकवणार नाही. आरतीचं ताट मात्र माझ्याकडे देऊ नका, आणि मी बदलले असं बायकांना सांगू नका.’ शेवटचं वाक्य गिळू नका. त्या ते कौतुकानं सांगतील, आणि चार जणींनी तेच धरलं की दिवाळीनंतर तुम्हाला खुलासे करत बसावं लागेल. त्यांना वाईट वाटेल, थोडं. पण महिनाभर वेळेवर आलेली पेटीवाली कुठल्याही मंडळाला हवीच असते. महिनाभर पहाटे उठायचं आणि मग बँक गाठायची, हे झेपणार नसेल तर तेही आत्ताच सांगा. आठवड्यातले चार दिवस ठरवून घ्या आणि उरलेल्या दिवशी पेटीशिवाय, नुसत्या टाळ-मृदंगावर होऊ द्या. वारकरी भजन पेटीवाचून अडत नाही.

मुलीला लांबलचक उत्तर नको. ‘मला गाणं आवडतं, आजीला गाणंही आवडतं आणि देवही’ एवढं पुरे. पुढे विचारलं तर पुढचं सांगा. तिला बरोबर न्यायचं तर टाळ हातात द्या, पण आधी घरी शिकवून: दोरी बोटाला गुंडाळायची, टाळ ढिले धरायचे, आणि घासत वाजवायचे नाहीत. घट्ट धरले की नुसता खडखडाट होतो आणि शेजारच्या आजी डोळे वटारतात.

मित्राला कार्तिकी पौर्णिमेच्या काकड्याला बोलावून बघा. नाही आला तरी चालेल; पहाटे साडेचारला यायचं म्हणजे पुष्कळ जणांची श्रद्धा-अश्रद्धा दोन्ही पांघरुणातच राहतात. मैत्रिणीला मात्र होकार दिवाळीच्या आधी कळवा, आल्टोच्या ओळी वाटल्या जायच्या आत.